कोय आणि काडी



तुम्हाला एक साधा प्रश्न विचारते. आंबा खाऊन झाल्यावर तुम्ही कोयीचं काय करता? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे. आधी चोखून चोखून पांढरी करता, आणि मग कचऱ्याच्या डब्यात. बरोबर?

आमच्याकडे कोय डब्यात जात नाही. ती धुऊन, तारीख आणि जात लिहिलेल्या कागदावर सावलीत ठेवली जाते. मी मूळची सावंतवाडी तालुक्यातली. बँकेच्या नोकरीत बदली होऊन २००६ मध्ये दिल्लीकडे आले आणि गाझियाबादला वैशालीत राहिले ती राहिलेच. २००९ पासून, म्हणजे गेली सोळा वर्षं, मी कोयीपासून आंब्याची झाडं वाढवते. त्यातही संकरित आंब्यांच्या कोयी. आम्रपाली, मल्लिका, पुसा अरुणिमा. घरच्यांच्या मते हा छंद आहे. शेजाऱ्यांच्या मते हा आजार आहे.

लोक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला, फळ कधी येणार? आणि दुसरा, फळ तसंच येणार का?

पहिल्याचं उत्तर आहे, सहा ते दहा वर्षांनी. हे ऐकून निम्मे लोक निघून जातात. दुसऱ्याचं उत्तर आहे, नाही, तसंच येणार नाही. हे ऐकून उरलेले जातात. आज तुम्ही खुर्च्यांवर अडकलेले आहात, म्हणून या 'नाही'बद्दल जरा सविस्तर सांगते. कारण त्या 'नाही'मध्येच सगळी गंमत आहे.

हापूस, पायरी, दसहरी, लंगडा, चौसा, आम्रपाली, या सगळ्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो. तो आई आणि बाप यांच्या मिलनातून तयार झालेला असतो. आई आपल्याला माहीत असते, कारण फळ तिच्या फांदीवरून उतरवलेलं असतं. बाप मात्र कुठल्या माशीच्या पायाला लागून आला ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून कोयीतून येणारं झाड म्हणजे आंब्याचं मूल. मूल आईसारखं दिसेल, थोडं बापासारखं वागेल, पण ते आई नसतं.

केरळात काही आंबे वेगळे आहेत. ओलूर, कुरुक्कन ही त्यांची नावं. त्यांच्या एका कोयीतून दोन, तीन, चार कोंब येतात. त्यातले बहुतेक कोंब आईच्याच पेशींपासून बनलेले, म्हणजे हुबेहूब आई. त्यामुळे कोय पेरली की आधी कोंब मोजायचे. एकच कोंब आला, तर समजायचं की नवीन पाहुणा आलाय.

आता दिल्लीकडची गोष्ट. दसहरी, लंगडा आणि चौसा हे इथले तीन राजे. त्यांचा एक स्वभाव आहे. दसहरीच्या फुलावर दसहरीचेच पराग पडले तर फळ नीट धरत नाही, धरलं तरी बाळपणीच गळतं. त्यांना परका पराग लागतो. शेजारचा दुसऱ्या जातीचा आंबा, नाहीतर बांधावरचं बीजू झाड. आपण ज्याला रायवळ म्हणतो, त्याला इकडे बीजू म्हणतात. याचा अर्थ लक्षात येतोय का? तुम्ही जूनमध्ये खाल्लेल्या दसहरीची कोय ही जवळपास नक्कीच संकरित असते. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागली, ना शास्त्रज्ञ. दर उन्हाळ्यात दिल्ली, नोएडा, गुडगावच्या कचरागाड्यांमधून जगात दुसरीकडे कुठेही नसलेले लाखो आंबे जातात.

माणसाने हेच काम हाताने करायचं ठरवलं, तेव्हा केवढा घाम गाळावा लागला ते ऐका. आंब्याच्या एका तुऱ्यावर हजारांनी फुलं असतात. त्यातली बरीचशी नुसती नर फुलं. उरलेल्यांतली मूठभरच फळ धरतात आणि पिकेपर्यंत एखाददुसरं टिकतं. अशा फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, पिशवी बांधायची, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, आणि वाट बघायची. आपल्या देशात आंब्याचा असा हातसंकर करायचा पहिला प्रयत्न झाला तो पुण्यात, १९११ साली. बर्न्स आणि प्रयाग या दोघांनी केला. म्हणजे या गोष्टीची सुरुवातच आपल्याकडची आहे.

पुढे ती दिल्लीत आली. भारतीय कृषी संशोधन संस्था आधी बिहारमधल्या पुसा गावी होती. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीत हलवली. गाव मागे राहिलं, नाव मात्र सोबत आलं. आजही रिक्षावाल्याला 'पुसा' म्हटलं की पुरतं. १९७० च्या दशकात तिथून दोन आंबे बाहेर पडले, मल्लिका आणि आम्रपाली. दोघांचे आईबाप तेच, उत्तरेची दसहरी आणि दक्षिणेची नीलम. मल्लिकेची आई नीलम, आम्रपालीची आई दसहरी. दसहरी चवीला उत्तम, पण एक वर्ष भरभरून फळ देते आणि दुसऱ्या वर्षी रुसून बसते. नीलम दरवर्षी फळते. शास्त्रज्ञांना दसहरीची चव आणि नीलमची शिस्त एकाच झाडात हवी होती.

ती मिळाली, पण भावंडं कशी निघाली बघा. मल्लिकेचं फळ मोठं, गरगरीत. आम्रपालीचं लहान, आत गर्द केशरी, आणि झाड इतकं ठेंगणं की अडीच मीटरवर लावता येतं. हेक्टरी सोळाशे झाडं! दसहरी दहा मीटरवर लावली तर हेक्टरी शंभर बसतात. घर एक, आईबाप तेच, आणि मुलं अशी दोन टोकांची. आपल्या घराघरांत दुसरं काय असतं?

आमच्या गावापासून जवळ वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. तिथेही हेच झालं. हापूसमध्ये साका होतो, वरून फळ देखणं आणि आत पांढरट, आंबूस, वाया गेलेला गर. तो टाळायचा म्हणून नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये 'रत्ना' आली. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये 'सिंधू' आली, जिची कोय अगदी पातळ असते. माझ्यासारखीला काय उपयोग म्हणा!

तर अशी एक जात नावारूपाला येते, तेव्हा तिच्यामागे टाकून दिलेल्या कितीतरी रोपांची रांग असते. ती रांग मी माझ्या गच्चीवर लावते, इतकंच.

आता करायचं कसं ते सांगते, कारण पुस्तकातला सल्ला आणि गाझियाबादची हवा यांचं जमत नाही.

कोय ताजी हवी. आंब्याचं बी ज्वारी-गव्हासारखं डब्यात भरून ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. फळ खाल्ल्यापासून आठवड्याच्या आत पेरलेलं बरं. शीतगृहात राहिलेल्या फळाच्या कोयीचा भरवसा नाही. कोय धुवायची, एक दिवस सावलीत ठेवायची, मग सिकेटरने कडेने कवच उघडून आतलं बी काढायचं. काळं पडलेलं, किडकं असेल तर बाजूला. बी पेरताना फुगीर बाजू वर ठेवायची, आणि कुंडीपेक्षा खोल पिशवी घ्यायची, कारण कोंब वर दिसायच्या आधी सोटमूळ खाली वीतभर गेलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांत तांबूस, चकचकीत पानं बाहेर येतात. ती पहिली पानं इतकी सुंदर असतात की मी अजूनही सकाळचा चहा तिथे उभी राहून पिते.

खरी परीक्षा पुढे आहे. कोकणात कोय मेमध्ये पडते, तिला अख्खा पावसाळा मिळतो आणि हिवाळा म्हणजे नुसती गुलाबी थंडी. इथे आम्रपाली जुलैत पिकते, चौसा त्याच्याही पुढे. म्हणजे रोपाला जेमतेम चार महिने मिळतात आणि लगेच डिसेंबर. जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर येतो, आठ-आठ दिवस धुक्यात सूर्य दिसत नाही. वीतभर रोपाला हे झेपत नाही. मी रोपं दक्षिणेकडच्या भिंतीला लावून ठेवते, वरून गवताचं छप्पर, दक्षिणेची बाजू उघडी. पाणी अगदी थोडं. शेंडा काळा पडला तरी फेब्रुवारी संपेपर्यंत कात्री लावायची नाही. खालून नवा डोळा फुटतो. मग मेमध्ये लू सुटते, पारा पंचेचाळीसवर जातो. तेव्हा हिरवी जाळी, बुंध्याशी पालापाचोळा आणि संध्याकाळचं पाणी.

आणि पाण्यावरून आठवलं. एनसीआरमध्ये बोअरचं पाणी खारं. पानांची टोकं करपलेली दिसली की लोक खत वाढवतात. खरं तर तो क्षार असतो. त्यात घरोघरी आरओ मशीन. त्यातून वाया जाणारं पाणी लोक काटकसर म्हणून कुंड्यांना घालतात. पण त्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात. फरशी पुसायला वापरा, आंब्याच्या बाळाला देऊ नका. पावसाचं पाणी साठवा. दिल्लीत पाऊस कमी असला तरी गच्ची मोठी असते.

तिसऱ्या वर्षी रोपांना जमीन लागते. माझ्या एका सहकाऱ्याच्या भावाचं हापुडला शेत आहे, त्यांनी बांधावरची जागा दिली. तेव्हापासून आमच्या शाखेत माझं नाव पडलं, 'हापुडमध्ये हापूस लावणाऱ्या मॅडम'. हापूस मी लावलेलाच नाही. पण इतकी चांगली कोटी वाया घालवायला माझंही मन होईना.

बांधावर चौदा झाडं लागली. पहिला मोहोर सातव्या वर्षी आला. आजवर नऊ झाडं फळली आहेत. त्यांचा निकाल सांगते. पाच झाडांची फळं आंबट आणि धागेदार. लोणच्याला उत्तम, पण ताटात वाढावीत अशी नाहीत. दोन बरी आहेत, गोड आहेत, पण बाजारात त्यांच्याहून चांगली मिळतात. एका झाडाच्या मोहोराला गुच्छा रोग लागतो. उत्तरेत हा रोग फार. मोहोराचा कोबीच्या गड्ड्यासारखा गोळा होतो आणि फळ धरत नाही. आणि एक झाड, अकरा नंबर.

अकरा नंबर मल्लिकेच्या कोयीतून आलं. बाप अज्ञात. फळ मध्यम, ऑगस्टमध्ये पिकतं, गर केशरी, धागा नाही. गोडीच्या शेवटी जिभेवर एक आंबट टोक लागतं आणि त्यामुळे दुसरी फोड खावीशी वाटते. शेतावरची मुलं चौसा सोडून ते खातात. मुलांचं परीक्षक मंडळ फार कडक असतं, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. आता अकरा नंबरची चार कलमं केली आहेत. म्हणजे एका झाडाला काही झालं तरी चव मरणार नाही.

चौदातून एक. तुम्ही म्हणाल, तोट्याचा धंदा. पण आपले सगळे मोठे आंबे असेच आलेत. दसहरी हे लखनौजवळचं एक गाव. तिथलं मूळ झाड अजून उभं आहे आणि आजची प्रत्येक दसहरी त्याच एका झाडाचं कलम आहे. आमच्या एनसीआरमधलाच बागपत जिल्ह्यातला रटौल घ्या. लहानसं फळ, घमघमाट असा की खोलीत ठेवलं तर लपवता येत नाही. फाळणीनंतर तोच आंबा पाकिस्तानातही मिरवतो, आणि तो कुणाचा यावरून दोन देश भांडतात. कधीतरी कुणीतरी एक कोय पेरली, किंवा फेकली, आणि उगवलेलं रोप उपटलं नाही. एवढ्यावर ही सगळी मिजास उभी आहे.

आता मला कोयीच्या मर्यादेबद्दल बोलायचं आहे. ते मला पुस्तकातून कळलं होतं, पण समजलं २०२१ मध्ये.

आमच्या गावच्या घरामागे एक रायवळ होती. कोकणात रायवळीच्या प्रत्येक झाडाला नाव असतं, तुम्हाला माहीत आहे. खोबऱ्या, शेंदऱ्या, साखऱ्या. आमचा होता शेप्या. सालीला शेपूच्या भाजीचा वास. बाहेरचा माणूस नाक मुरडायचा, आणि आम्ही भावंडं त्यासाठी मारामाऱ्या करायचो. आईच्या हातच्या साठाला तोच वास असायचा. आई २०१३ मध्ये गेली. त्यानंतर वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या वासातून ती भेटायची.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. इथे टाळेबंदी, मी घरात अडकलेली. काकांचा फोन आला, "शेप्यो पडलो गो बाय." पुढे दोघंही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी काका कामाला लागले. खाली पडलेली तयार फळं त्यांनी गवतात अढी घालून पिकवली आणि जूनमध्ये बावीस कोयी नारळाच्या ओल्या भुशात बांधून टपालाने पाठवल्या. झाड आडवं झालं होतं, तरी निम्मी मुळं मातीत होती, त्यामुळे फांद्या अजून जिवंत होत्या. मी काकांना सांगितलं, झाड इतक्यात तोडू नका. जुलैत वाडीतल्या एका कलम बांधणाऱ्या गड्याने त्या आडव्या झाडाच्या काड्या घेतल्या आणि नुकत्याच रुजलेल्या रोपांवर कोय कलमं बांधली. सहा बांधली, दोन जगली.

माझ्याकडे बावीसपैकी तेरा कोयी रुजल्या. मी रोज सकाळी कोंब मोजायचे. एखाद्या कोयीतून दोन कोंब यावेत, म्हणजे त्यातला एक शेप्या स्वतः असेल, अशी वेडी आशा होती. तेराच्या तेरा कोयींतून एकेकच कोंब आला. दोन हिवाळ्यांनंतर त्यातली सहा रोपं उरली.

काकांनी व्हिडिओ कॉलवर ती पाहिली आणि विचारलं, "ह्यो शेप्योच मां?" मी म्हटलं, "नाय काका. शेप्याची पोरां." त्या सहांपैकी दोघांची पानं चुरगाळली की शेपूचा वास येतो. फळाला येईल का? ते फळ आल्यावरच कळेल. आत्ता चौथं वर्ष चालू आहे.

गावातलं कलम मात्र मोठ्या झाडाच्या काडीचं, त्याला बालपण नसतं. या मे महिन्यात त्यातल्या एकावर सात फळं आली. काकांनी कॅमेऱ्यासमोर बसून एक खाल्लं, सावकाश, कोयीसकट. मी इथे श्वास धरून बसलेली. त्यांनी हात पुसला आणि एकच शब्द बोलले. "तोच."

तर मला समजलेली गोष्ट इतकीच आहे. काडी जपते आणि कोय घडवते. जे आहे ते तसंच ठेवायचं असेल तर कोय कामाची नाही, काडीच हवी. आणि जे अजून नाहीच ते हवं असेल, तर जगातलं उत्तमातलं उत्तम कलमही कामाचं नाही, कोयच पेरावी लागेल. नर्सरीत आपल्याला फक्त कलमं मिळतात, आणि त्यात काही चूक नाही, शेतकऱ्याला खात्रीचं फळ लागतं. पण सगळ्यांनी फक्त कलमंच लावली, आणि रायवळी एकेक करून रस्त्यात, वादळात, सरपणात गेल्या, तर पुढचा दसहरी, पुढचा रटौल येणार कुठून? कलम लाख वेळा केलं तरी त्यातून नवीन चव निघत नाही.

म्हणून तुमच्यासाठी दोन कामं. तुमच्या गावात जी रायवळ तुम्हाला नावाने आठवते, तिची काडी येत्या पावसाळ्यात कलम करून घ्या, झाड उभं आहे तोवर. झाड चांगलंच वेगळं असेल तर त्याची नोंदही करता येते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. हे पहिलं काम. दुसरं, यंदा एक कोय पेरा. जागा नसेल तर गच्चीवर तीन वर्षं सांभाळा आणि मग जागा असलेल्या कुणाला तरी द्या. चिठ्ठीवर आईचं नाव आणि तारीख लिहा.

मी आता एकसष्ट वर्षांची आहे. शेप्याच्या पोरांना फळ धरेल तेव्हा पासष्ट-सत्तरची असेन. सहाच्या सहा आंबट निघू शकतात. तशी निघाली तर लोणचं घालीन आणि पुढची कोय पेरीन. आणि एखाद्याच्या सालीला शेपूचा वास आला, तर ते फळ शेप्या नसेल, दुसरंच काहीतरी असेल. त्याला नाव द्यावं लागेल. ते नाव काय ठेवायचं हे ठरवायला माझ्याकडे चार-पाच वर्षं आहेत. तुम्हाला सुचलं तर कळवा.